उसवणबाई आणि नवा सल्लागार

गावात त्यांना उसवणबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात; तोंडावर म्हणायची छाती कोणाची? धंदा शिवणाचा, पण कीर्ती उसवण्याची. कोणीही कपडा दुरुस्तीला आणला की बाई आधी तो उलटा करत, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "वरून सगळेच देखणे असतात." माणसांनाही हाच न्याय. भाजीवाल्याने आपणहून एक लिंबू जास्त टाकलं, तर बाई तिथेच उभ्या राहून उरलेली सगळी लिंबं दाबून बघत.

याला कारण होतं. नवरा गेला तेव्हा सख्ख्या दिराने गोड बोलून दुकानाचा अर्धा गाळा स्वतःच्या नावावर करून घेतला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बाई तर पाणीही फुंकून प्यायला लागल्या. पुढे लोकांनी त्यांना नगरपालिकेत निवडून दिलं, तेही याच गुणावर. संशयी बाई घरात कोणाला नको असते, पण तिजोरीवर बसवायला तीच बरी. त्या खुर्चीमुळे दीर रस्त्यात समोर आला की खाली मान घालून बाजूला सरकायचा. बाईंना दुसरं काही नको होतं.

आणि त्यांनी लोकांना निराश केलं नाही. अध्यक्षांच्या मेहुण्याला रस्त्याचं काम मिळालं तेव्हा बाईंनी सभागृह डोक्यावर घेतलं आणि ठराव करून घेतला: सभासदाच्या घरातल्या कोणालाही पालिकेच्या कामात, थेट किंवा आडून, घ्यायचं नाही. अध्यक्ष तेव्हापासून त्यांना लांबूनच नमस्कार करत.

म्हणून ते एक दिवस चालत दुकानात आले आणि स्टुलावर टेकले, तेव्हाच बाईंना वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. पालिकेला एक तंत्रज्ञान सल्लागार नेमायचा होता. घरपट्टी, नळजोड, दाखले, सगळं तो संगणकावर आणणार; शेजारच्या गावातल्या पालिकेत त्याने हेच करून दाखवलं होतं. सभासदांत निम्मे हो म्हणत होते, निम्मे नाही, आणि काटा बाईंवर येऊन अडला होता. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. एवढा मान आजवर कधी मिळाला नव्हता, त्यामुळे बाईंचा संशय दुप्पट झाला.

सल्लागार सभेत आला तो हसतच. भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. प्रत्येक प्रश्नाला आधी "फारच छान प्रश्न" म्हणाला. बाईंनी पंखा का बंद आहे म्हणून विचारलं, तर तोही छान प्रश्न निघाला. एवढ्या गुळगुळीत माणसाला शिवण कुठे आहे, हे काही केल्या अंगठ्याला लागेना.

घरी बाई आणि सून अशा दोघीच. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा उगवणारा. सून शिकलेली, पण दुकानात काजं-बटणं करत बसायची आणि संध्याकाळी गच्चीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलायची. बाईंनी एकदा उलटतपासणी घेतली. ऑनलाइन क्लास आहे, असं सून म्हणाली, आणि बाईंनी चक्क विश्वास ठेवला. आयुष्यात एकदाच, आणि तोही घरात.

बाईंनी ठरवलं, शेजारच्या गावी न कळवता जायचं. सल्लागाराचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दुकान कोणीतरी उघडायला हवं, म्हणून तेवढं सुनेला सांगितलं.

तिथल्या पालिकेत पाय ठेवताच खिडकीतला कारकून उठून उभा राहिला. "बसा ना, मावशी." कारकून उठून उभा राहतो? बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. रांग छोटी होती. एका म्हाताऱ्याला उभ्या उभ्या दाखला मिळाला. कोणी कोणावर खेकसलं नाही. सगळं इतकं नीट होतं की बाईंना घाम फुटला. तेवढ्यात कारकुनाने पाण्याचा पेला पुढे केला.

"गार नाही हं, साधंच आहे. दात शिवशिवायला नकोत."

पेला बाईंच्या हातात तसाच राहिला. त्यांच्या दाढा खराब आहेत हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. परक्या घरी गार पाणी पुढे आलं तर त्या तहानच नाही म्हणत. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि आज बाई इथे येणार हेही त्याच माणसाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

परतीच्या बसमध्ये बाईंचा राग मावेना. घरातलं माणूस फितूर झालं होतं. पण रागाला धड टोक येईना. जिने फोन करून फसवलं, तिने त्याच फोनवर आपल्या दाढांची काळजी केली होती. दोन्ही एकाच धाग्याने शिवलेलं. उसवायचं कुठून?

सून दुकानात बटण लावत होती. बाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही.

"तिथे फोन तू केलास ना?"

सुनेची सुई थांबली. तिने काही लपवलं नाही. क्लास त्या सल्लागाराचाच होता. काम मिळालं तर इथल्या कचेरीत तो तिला नोकरी देणार होता, तिच्या आयुष्यातली पहिली. ठराव आडवा येतो हे तिला माहीत होतं; सल्लागाराची नेमणूक झाली की मग कसंतरी सांगू, असं तिने मनाशी धरलं होतं. तिथलं काम खरंच चांगलं आहे, ती म्हणाली, फक्त कोणी बाईंच्या अंगावर ओरडलं तर सगळंच फिसकटेल, ही भीती वाटली.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला खरं सांगितलं तरी तुम्ही ते उलटं करून बघता, आई. दर वेळी. मी दमले."

बाईंना ते फार लागलं. त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पुढच्या सभेत त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. मी जाऊन आले, पण माझ्याच घरातून आधी खबर गेली होती, तेव्हा मी बघितलं त्याला काही किंमत नाही. नाही म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी गुपचूप जाऊन यावं. दोघे गेले. त्यांना खुर्ची मिळाली नाही, कारकुनाने आंबट तोंड केलं, पण मागितलेले कागद उभ्या उभ्या हातात पडले. ते ऐकून बाई म्हणाल्या, आता पटतंय.

सुनेसाठी तो ठराव रद्द करायला सभागृह तयार होतं. अध्यक्ष तर एका पायावर. मेहुणा अजून रिकामाच होता. बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, ठराव राहू द्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सभासदपदाचा राजीनामा दिला.

सल्लागाराची नेमणूक झाली, पण गावात चर्चा बाईंचीच. कोणी म्हणालं, बाई मोठ्या निवडणुकीला उभ्या राहणार. कोणी म्हणालं, सल्लागाराने तोंड बंद केलं. अध्यक्षांनी पुन्हा दुकानात येऊन हळूच विचारलं, यात मेख काय? काही नाही, बाई म्हणाल्या. अध्यक्ष डोळा मिचकावून गेले. दीर रस्त्यात भेटला. या वेळी बाजूला सरकला नाही, वर दात दाखवून हसला. बाईंनी तेही गिळलं. घरात एक माणूस आहे ना, त्या मनाशी म्हणाल्या, तिला कळलं की झालं.

घरी येऊन त्यांनी राजीनाम्याची प्रत सुनेपुढे ठेवली. "आता तुला कोणी अडवणार नाही."

सुनेने कागद वाचला. परत वाचला. मग नकळत तिने तो उलटा केला आणि मागची बाजू बघितली.

मागे कोरं होतं.

"काही नाही गं मागे," बाई म्हणाल्या. खरं बोलून कोणी मानलं नाही तर किती दुखतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

सुनेने मान हलवली, आई म्हणून हाकही मारली. पण कागद तिने लगेच खाली ठेवला नाही.