पपईवरची पांढरी रेघ

"बाजारातल्या नजरेनं चित्र बघतात का? बसा खाली." सर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

वर्ध्याच्या चित्रकला महाविद्यालयातलं माझं दुसरं वर्ष. भिंतीवर एक जुनं चित्र. टेबलावर शेवंतीची फुलं, चार संत्री आणि मधोमध अर्धवट पिकलेली पपई. देठापासून खाली एक पांढरी रेघ. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: ही रेघ म्हणजे प्रकाश, ही फळं-फुलं म्हणजे निसर्गाचं दान. एकेक जण उठून तेच बोलत होता. मग माझी पाळी आली.

"सर, तो उजेड नाई. चीक आहे. पपई तोडली का देठातून वाहते. हाताले लागला का सालटं निघते."

एवढंच बोलले होते मी. त्यावर ते बाजाराचं वाक्य. वर आणखी, "आधी नीट बोलायला शिका."

मी बसले. हात ओढणीखाली घेतले. तळेगावात आमची पपईची बाग आहे. दर रविवारी तोडणीला माय आणि मी. दोघींच्याही बोटांची सालं गेलेली. दीड वर्ष मी ते हात लपवत होते. कुणी विचारलंच तर रंगाची ॲलर्जी म्हणून थाप मारायची. हसणाऱ्यांपेक्षा स्वतःचीच चीड आली. मी लाजत होते ती कुणाला? मायला?

परत उठले. दोन्ही हात बाकावर ठेवले.

"हे दान नाई सर. कोणीतरी तोडून आणलं. ज्यानं चित्र काढलं त्याले ते दिसलं. तुमाले दिसून नाई राह्यलं."

आता कुणी हसलं नाही. सर लालबुंद झाले. "उद्या सगळ्यांसमोर माफी मागा आणि मी दिलेला अर्थ वाचा. नाहीतर तोंडी परीक्षेचे गुण विसरा."

संध्याकाळी मायला फोनवर सांगितलं. "काऊन बोलली वं? चूप बसली असती तं का झालं असतं? वर्ष जाईन तुयं." ती रडत होती. तिचं ते घाबरणं माझ्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. माफी मागितली नाही, काही वाचलंही नाही. गुण गेले, वर्ष गेलं.

यंदा मी पुन्हा त्याच वर्गात आहे. सरही तेच आहेत. विचारतील तेव्हा तेच सांगणार, माझ्याच बोलीत. पुन्हा नापास करा, पुन्हा येईन. पदवी मी घेणारच. माफी मागून घेणार नाही.