साडूंचं अपील

सगळ्या जुन्नर तालुक्यात सरकारी कागदाला न भिणारा एकच माणूस आहे, आणि दुर्दैवाने तो माझा थोरला साडू आहे. निवृत्तीनंतर मी त्यांच्याच गावात घर बांधलं आणि रोजच्या चहाबरोबर बायकोच्या तोंडून साडूपुराण ऐकणं नशिबी आलं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. साडू चौथीतून उठून टोमॅटोच्या वावरात गेले. तरी कुणाचा सातबारा चुकला, की लोक माझ्या दारावरून त्यांच्याकडे जातात. त्यांच्या खिशात कायम मोजायची टेप. लग्नाला गेले तरी आधी मांडव मोजणार, मग अक्षता टाकणार. माझ्या वास्तुशांतीला पाहुणे घर बघत होते, तर यांनी जिना मोजला आणि म्हणाले, "पावणं, चौथी पायरी बोटभर जास्त हाय. जपून." त्याआधी मी तिथे कधीच अडखळलो नव्हतो. आता रोज अडखळतो.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने नवी आकारणी केली. साडूंचा पत्र्याचा गोठा यादीत पक्कं घर म्हणून लागला आणि माझं घर आहे त्याहून बरंच मोठं. दोघांचीही घरपट्टी वाढली. दोघांनी हरकत घेतली, दोघांचीही फेटाळली गेली, म्हणून दोघांनी पंचायत समितीत अपील केलं. मी चार पानी अर्ज लिहिला. साडूंनी पाच ओळी आणि खाली हाताने काढलेला गोठ्याचा नकाशा. सुनावणीला अधिकारी बाईंनी आधी मला विचारलं, "घराची लांबी किती?"

"या अन्यायाची व्याप्ती पाहता..." मी सुरुवात केली.

"फुटात सांगा."

मला सांगता येईना. मोजमाप घेऊन पुढच्या तारखेला यायला सांगितलं.

साडू उठले. "बाई, गोठा म्हशींचा हाय. वर पत्रा, खाली माती. पण घरामागं मी एक खोली काढलीय, ती तुमच्या यादीत न्हाई. ती पण धरा."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या जागी मी असतो तर त्या खोलीबद्दल तोंड उघडलं नसतं. गोठ्याची आकारणी उतरली, खोलीची चढली. घरपट्टीत फारसा फरक पडला नाही. तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की साडूंनी अपील जिंकलं. आमच्या बायकोने शिरा केला. मी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी न बोलावता साडू माझं घर मोजायला हजर. टेपचं दुसरं टोक बायकोने धरलं. मी पेपरात तोंड खुपसून बसलो. मोजून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "पावणं, तुमच्या अर्जाची झेरॉक्स द्याल का? मला पाच वळी लिवायला आठवडा लागला, त्या बी नातीनं नीट करून दिल्या. तुमच्यासारखं लिवता यावं, असं लई वाटतं."

त्यांच्या मापांवर पुढच्या तारखेला माझं अपील मंजूर झालं. मेव्हणी सांगते, जेवण झालं की साडू माझा अर्ज घेऊन बसतात, ओळीखाली बोट धरून वाचतात. चारच पानं आहेत. पण अजून दुसऱ्याच पानावर आहेत म्हणे.