गाडी थंड ठेवणारे काका

वाचकहो, एक सरळ प्रश्न विचारतो. ज्या शहरात वर्षातले पाच-सहा महिने दाराच्या कडीपासून नाकातल्या केसांपर्यंत सगळं आपोआप गोठतं, त्या शहरात एक यंत्र थंड ठेवण्यासाठी तीन वर्षं झुरणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. कॅनडात, एडमंटनमध्ये, त्यांच्याच बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहतो. हिवाळ्याबद्दल कधी तक्रार न करणारे आणि उष्णतेला कधीच क्षमा न करणारे साऱ्या अल्बर्टा प्रांतातले एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे घरमालक काका.

याला कारण आहे. काकांची उमेदीची वर्षं नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात गेली, आणि इथे आल्यावर निवृत्तीपर्यंतची तेलशुद्धीकरण कारखान्यात. दोन्हीकडे काम एकच, तापलेलं निववणं. ते अंगात इतकं मुरलंय की चहाचा कप हातात आला की काका आधी बशीत ओततात, मग बशीकडे पाहून मान हलवतात, जणू बशीचं क्षेत्रफळ कमी पडतंय. कोणाच्या घरी वास्तुशांतीला गेले की यजमान हॉल दाखवत असतात आणि काका फ्रिजच्या मागे हात घालून उभे असतात. एका घरी त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, "मागे हवा खेळायला जागाच नाही ठेवली तुम्ही. तीन वर्षांत जाईल हा." फ्रिज अडीच वर्षांतच गेला. तेव्हापासून त्या घराने काकूंना हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. काकूंना त्याचं दुःख आहे, काकांना मात्र सहा महिन्यांनी अंदाज चुकल्याचं.

पण हे सगळे किरकोळ शत्रू. खरा शत्रू मागच्या गॅरेजमध्ये उभा होता. पन्नास वर्षांहून जुनी, नाकाडाने लांब, गडद निळी, दोन दारांची एक अमेरिकन मसल कार. पुढचं झाकण उघडलं की आत आठ सिलिंडरचं धूड. मी कामगार संघटनेची पत्रकं वाचत वाढलेला माणूस. खासगी मोटार, खनिज तेल आणि चैन या तिन्हींवर माझी मतं ठाम आहेत आणि ती मी काकांना पहिल्याच आठवड्यात ऐकवली होती. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "झालं पत्रक वाचून? आता तो अर्ध्या इंचाचा पाना दे."

गाडी मुळात काकांची नव्हतीच. ती होती त्यांच्या कारखान्यातल्या एका युक्रेनियन वेल्डरची. काका इथे नवे आले तेव्हा जानेवारीत बसस्टॉपवर उभे असायचे, पायात नागपूरहून आणलेले बूट. तिसऱ्या दिवशी ही गाडी समोर थांबली आणि आतून आवाज आला, "गेट इन, बॉयलर!" काका बॉयलर हाउसमधून आले एवढंच त्याला कळलं होतं. पुढे सगळी वर्षं त्याने काकांना याच नावाने हाक मारली. हिवाळ्यात तो रेडिएटरसमोर पुठ्ठा लावायचा, म्हणजे इंजिन तरी गरम राहायचं. उन्हाळ्यात गाडी दर वीस मिनिटांनी उकळायची. मग दोघं हायवेच्या कडेला उतरायचे, झाकण उघडायचं, ती निवेपर्यंत गवतात बसायचं. काकूंच्या तिखट पुऱ्या तो खायचा, त्याची बीटाची भाजी काका खायचे. काका इंग्रजी शिकले ते तिथेच, म्हणूनच त्यांच्या इंग्रजीत शिव्या जरा जास्त आहेत.

वेल्डर म्हातारा झाला, पुढे विसरायला लागला. त्याच्या मुलीने त्याला शहरापासून तासाभरावरच्या गावात वृद्धाश्रमात ठेवलं आणि गाडी काकांना विकली. त्याच दिवशी काकांनी ठरवलं, म्हाताऱ्याला त्याच्याच गाडीत बसवून एक फेरी मारायची. त्याला गाडी ओळखू येतेय तोवर. अडचण एकच, गाडी वीस मिनिटांत उकळते आणि वृद्धाश्रम तासभर लांब. मी म्हटलं, "काका, थांबत थांबत जाऊ न." काका दुखावले. "त्याची गाडी त्याच्या दारात वाफा सोडत न्यायची? सगळे पाहून राहिले असताना? अरे, आपण कूलिंगवाले आहोत."

पहिले दोन उन्हाळे जुन्याच रेडिएटरला डाग देण्यात गेले. मग सुरू झाली नव्याची निवड. स्थळं पाहतानाही माणसं एवढी चिकित्सा करत नाहीत. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, जागोजागी डाग दिलेला, उचलताना पाठ धरेल एवढा जड. एका दुकानदाराने सांगितलं, नवा ॲल्युमिनियमचा टाका, दिवसाचं काम आहे. काकांनी त्या दिवसाचे आठ महिने केले. नळ्यांच्या दोन रांगा बऱ्या की तीन? काकांचं म्हणणं, रांगा मोजून काय होतं, नळी रुंद पाहिजे. दोन रुंद रांगा चार अरुंद रांगांना भारी. हे वाक्य त्यांनी मला, काकूंना, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आणि एकदा दाताच्या डॉक्टरला, तोंडात नळी असताना, सांगितलं. मग मापं. गाडीचा पत्रा कापायचा नाही ही प्रतिज्ञा होती, म्हणून आधी पुठ्ठ्याचा रेडिएटर करून गाडीत बसवला. तो दोन महिने तिथे होता. पंखा आणि पुठ्ठा यांच्यात बोटभर जागा राहते का हे काका रोज सकाळी स्वतःचं बोट घालून पाहत. काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझा नळ दोन वर्षं गळतोय. त्याला पण पुठ्ठ्याचा करून बघा एखादा!"

अखेर सप्टेंबरात खोकं आलं. रेडिएटर निघाला तो चांदीच्या ताटासारखा लखलखीत आणि इतका हलका की काकांना संशयच आला. ॲल्युमिनियम मऊ असतं, धक्का सोसत नाही, म्हणून काकूंची जुनी गोधडी अंथरून त्यावर तो निजवला. खाली-वर रबराच्या गाद्या दिल्या. लोखंडाचा थेट स्पर्श होऊ द्यायचा नाही. पंख्याभोवती हवा खेचणारं कडं बसवलं, कारण कड्याशिवाय पंखा म्हणजे, काकांच्या शब्दांत, "खिडकीबाहेर तोंड करून फुंकणं." गळती पाहायला त्यांनी आत साधं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी ते काढून ॲल्युमिनियमला चालणारं, न गोठणारं कूलंट भरायचं होतं. मग रविवारी वृद्धाश्रम. पहिला बर्फ पडला की तो वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि पत्रा गंजवणाऱ्या त्या मिठात काका ही गाडी नेत नाहीत. म्हणजे रविवार हाच काय तो मुहूर्त.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

काकूंनी सकाळीच गॅरेजमधली सगळी हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही हा काकांच्या घरचा नेम. रेडिएटरच्या तळाची, पाणी काढायची चावी पकडीशिवाय फिरत नव्हती, आणि पकड फुलं लेवून देवापुढे. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटांचं काम आहे. देव रागावणार नाही." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. "देवाचं नाही रे, पकडीचं आहे. वर्षात एक दिवस तिला सुट्टी. कामगारांच्या सुट्टीवर तूच बोलून राहिला असतो न?" मी पकडीला नमस्कार केला. तिची सुट्टी आमच्या एकाही पत्रकात नव्हती.

त्या रात्री पारा शून्याच्या आठ अंश खाली गेला. सकाळी आम्ही गॅरेज उघडलं तेव्हा नव्या रेडिएटरची एका कडेची शिवण उसवली होती आणि फटीतून बर्फाची पातळ जीभ बाहेर आली होती. आयुष्यभर उष्णतेशी लढलेल्या माणसाला थंडीने मागून गाठलं होतं. काकांनी पाटावरचं फूल उचलून बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाले, "दसऱ्याच्या शुभेच्छा."

दुसरा रेडिएटर यायला तीन आठवडे लागणार होते. बर्फ दहाव्या दिवशी पडला. पण त्याआधीच्या रविवारी काका नेहमीच्या व्हॅनने वृद्धाश्रमात गेले. काय डोक्यात आलं कोण जाणे, मागे जुना तांब्याचा रेडिएटर टाकला. मी सोबत होतो. म्हाताऱ्याने आम्हाला ओळखलं नाही. रेडिएटर मांडीवर ठेवल्यावर त्याची बोटं मात्र आपसूक फिरू लागली. एका कोपऱ्यात जाऊन थांबली. तिथे त्याने स्वतः दिलेला डाग होता, ओबडधोबड, अंगठ्याएवढा. तो म्हणाला, "स्टिल लीक्स हिअर, बॉयलर?" काका म्हणाले, "येस. एव्हरी ट्वेंटी मिनिट्स." दोघं हसले. परतताना काका गाडी चालवत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण तेच बरं होतं.

मे महिन्यात रस्ते धुऊन निघाले, तेव्हा निळी गाडी तासभर एकदाही न थांबता वृद्धाश्रमाच्या दारात उभी राहिली. आम्ही म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर बसवलं. गावाबाहेरच्या रस्त्यावर मोठी फेरी मारली. तापमानाची सुई एकशे ऐंशी फॅरनहाइटवर खिळल्यासारखी होती. काकांच्या आयुष्यातलं सर्वांत निर्दोष काम. म्हाताऱ्याने सीटवरून हात फिरवला, सुईकडे पाहिलं आणि सभ्यपणे विचारलं, "नाइस कार, सर. युवर्स?" काकांनी आरसा नीट केला. थोड्या वेळाने म्हातारा आपणहून म्हणाला, "माझ्याकडेही अशीच होती. पण ती उकळायची. मग आम्ही गवतात बसायचो." 'आम्ही' म्हणजे कोण, ते त्याला सांगता आलं नाही.

काकांनी गाडी कडेला घेतली, विनाकारण. झाकण उघडलं. वाफ कुठेच नव्हती. तिघं गवतात बसलो, काकूंच्या तिखट पुऱ्या खाल्ल्या. म्हाताऱ्याने दोन जास्त घेतल्या. काका एकदाच बोलले, तेही मराठीत, म्हणजे माझ्याशी किंवा स्वतःशी. "पहिल्याच उन्हाळ्यात उकळत उकळत आलो असतो तरी चाललं असतं रे."

वाचकहो, पत्रकाच्या शेवटी काहीतरी मागावं लागतं, तशी माझी सवय आहे. एवढंच करा. ज्याला भेटायचं तुमची गाडी, घर, पगार, प्रकृती नीट होईपर्यंत राहून गेलंय, त्याच्याकडे या रविवारी जा. गाडी उकळत असेल तर पाण्याचा कॅन सोबत घ्या, आणि पुऱ्या दोन जास्त ठेवा.