गारांची परात

यंदा पुण्याच्या हवेनं मला खूपदा खिडकीशी उभं केलं. जानेवारीत धुकं असं उतरलं, की बिबवेवाडीतली आमची इमारत सकाळभर जमिनीपासून सुटून तरंगत होती. सप्टेंबरात एका दुपारी समोरचा रस्ता ओढा झाला आणि कुणाची तरी एक निळी चप्पल वाहत वाहत डौलात कोपऱ्यावर वळली. पण वर्ष आठवायला बसले की मन मे महिन्यातल्या गारांपाशीच जाऊन थांबतं. तोवर माझ्याकडे एक जुनं खोटं शिल्लक होतं, आणि जिच्यापाशी ते कबूल करायचं होतं ती बाई जूनमध्ये कायमची बंगळूरला निघाली होती.

ती माझी खालच्या मजल्यावरची शेजारीण. माहेर कसबा पेठेतलं, त्यामुळे जिभेला धार. चाळीस वर्षांचा शेजार, तरी आम्ही एकमेकींना अहो-जाहोच करतो.

लग्न होऊन मी अकोल्याहून इथे आले तेव्हा विशीची होते, अकलेनं त्याहून लहान. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी जे आकाश, तेच बहुतेक संध्याकाळी. त्या भरवशावर मी गच्चीत कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "आज काही येत नाही बाप्पा. बिनधास्त घाला कुरडया." पुण्याचं आकाश दुपारी चारला शब्द फिरवतं, हे या विदुषीला कुठून ठाऊक असणार? शेजारणीनं नणंदेच्या रुखवतासाठी गच्चीभर कुरडया घातल्या, राखणीला मला बसवलं आणि ती बाजारात गेली. चारला गारा आल्या. मी कुरडया उचलायच्या सोडून परात घेतली आणि गारा वेचत सुटले. निवडून, मोठ्या मोठ्या. कुरडयांचा पुन्हा चीक झाला तेव्हा भानावर आले. ती परतल्यावर म्हणाले, डोळा लागला होता.

रुखवतात विकतच्या कुरडया गेल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती जिन्यात गाठून विचारते, "काय म्हणतंय तुमचं आकाश?" आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलट वागते.

यंदा विचारताना मात्र तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "मुलाकडे न्यायला घालते आहे. इथल्या गच्चीतल्या शेवटच्या. खरंच सांगा, घालू का?"

"घाला," मी म्हटलं, आणि दोन दिवस मान वर करूनच वावरले. भाजीवाल्यानं विचारलं, मान अवघडलीय का?

तिसऱ्या दिवशी दुपारी कात्रजच्या डोंगराकडून सावली निघाली. उजेड मधात बुडवल्यासारखा पिवळा झाला. कावळे गप्प. दोरीवरचे टॉवेल एकदम उठून बसले. मी तिच्या दाराकडे धावले, म्हणजे माझे गुडघे ज्याला धावणं म्हणतात तसं काहीतरी केलं. दोघींनी वर जाऊन कुरडयांची साडी चारी टोकांनी उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी ओढली. आत पाय टाकतोय तोच पहिली गार ताडकन पत्र्यावर पडली.

मग गच्ची पांढरी होत गेली. इतका आवाज, की त्यात शांतच वाटत होतं. सगळं शहर कुठेतरी दूर गेलं होतं आणि आम्ही दोन म्हाताऱ्या मोडक्या कुरडयांचं गाठोडं धरून पायरीवर बसलो होतो.

"तेव्हा मी झोपले नव्हते," मी म्हटलं.

"कधी?"

"रुखवताच्या वेळी. गारा वेचत होते."

"माहीत आहे."

"कसं?"

"झोपलेल्या बाईच्या परातीत बर्फ असतो का? आणि बोलताना तुमच्या तोंडात गार होती. या गालातून त्या गालात जात होती."

"मग एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. बराच वेळ घेतलात." तिनं पदर आवरला. "आता बसलात काय? परात आणा."

आणली. तिनं दारातूनच हात लांब करून गारा वेचल्या. निवडून, मोठ्या मोठ्या. एक माझ्या तळहातावर ठेवली, एक स्वतःच्या गालात.

जूनमध्ये ती गेली. मोडक्या कुरडयांचा डबाही गेला. तळल्यावर कोण बघतंय, म्हणाली. ती निळी चप्पल मी तिला फोनवर सांगितली, ऑक्टोबरातला उकाडाही सांगितला. आता डिसेंबरची थंडी पडली आहे. सकाळी अंगणातल्या शेकोटीचा धूर सरळ वर जातो आणि चौथ्या मजल्याशी आला की कुठे जायचं ते विसरतो. हे सांगत होते, तर मध्येच तिनं विचारलं, "मे महिन्यात चार दिवस यावं म्हणते. ऊन कोणत्या आठवड्यात असेल?"

मी खिडकीतून डोंगराकडे नीट बघितलं. "दुसऱ्या."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "तिसऱ्यातलं तिकीट काढते."