मध्यंतरापर्यंतचा दिग्दर्शक

माझ्या पहिल्या सिनेमाबद्दल एका समीक्षकाने लिहिलं होतं, 'मध्यंतरापर्यंत सिनेमा, मध्यंतरानंतर रेडिओ.' दुसऱ्या सिनेमाला त्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत, 'मागच्यासारखाच' म्हणून मोकळा झाला. मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की माणूस खरं बोलतोय, तेव्हा आणखी घातल्या.

या दुखण्याचं मूळ आईच्या स्टॉलमध्ये आहे. आमच्याकडच्या थिएटरात आईचा चहा-बिस्किटांचा स्टॉल होता. शाळा सुटली की मी थेट तिथे. दारावरचे काका मला फुकट आत सोडायचे. सिनेमाचा पहिला अर्धा भाग मी तोंडाचा आ वासून बघायचो. मध्यंतरात गर्दी स्टॉलवर तुटून पडायची, आणि ती आत गेली की उष्ट्या कपांचा ढीग उरायचा. ते कप विसळायचं काम माझं. मोरी पडद्यामागच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे दुसरा अर्धा भाग मला फक्त ऐकू यायचा. कोण मेलं, कोण परत आलं, कुणी कुणाच्या थोबाडीत मारली, हे मी आवाजावरून ठरवायचो आणि वर्गात छातीठोकपणे सांगायचो. एकदा मी एका नायकाला घोड्यासकट दरीत पाडला. सगळा वर्ग हळहळला. एका आगाऊ पोराने जाऊन सिनेमा पाहिला आणि येऊन सांगितलं, "अरे, घोडा कुठला! त्याची आई मशीनवर कपडे शिवत असते!" पण वर्गाचं मत पडलं की दरीच बरी. झालं, मी ठरवलं, आपण दिग्दर्शक व्हायचं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

झालोही. आधी लाइटवाल्यांच्या हाताखाली वायरी गुंडाळल्या, मग कुणाच्या तरी सहायकाचा सहायक झालो, मग पाण्याच्या पंपांच्या जाहिराती केल्या. जाहिरातीला मध्यंतर नसतं, त्यामुळे पंपांच्या धंद्यात माझं चांगलं नाव झालं. सिनेमात मात्र मध्यंतर झालं रे झालं की माझी पात्रं खुर्च्या ओढून बसायची आणि बोलत सुटायची. दुसरा अर्धा भागही डोळ्यांनी बघायचा असतो, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

तिसऱ्या सिनेमाला पैसे घालायला फक्त मेहुणा उरला. बायकोचा भाऊ, फरश्यांचं दुकान आहे त्याचं. "भावोजी, हा शेवटचा," तो म्हणाला. "वितरकाने घेतला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून माझ्या काउंटरवर बसायचं." चेष्टा वाटली मला. पण त्याने दुकानाचा शर्ट माझ्या मापाने शिवूनही घेतला होता.

हा सिनेमा म्हणजे आईचीच गोष्ट. थिएटरात चहा विकणारी एक बाई, मुलासाठी जिने आयुष्य जाळलं. शेवटी ती स्टॉलसमोर उभी राहून बोलते: जगाने सिनेमे पाहिले, मी फक्त कप पाहिले, वगैरे वगैरे. खूप बोलते. लिहिताना मी स्वतःच हुंदके देत होतो. बायकोने दार उघडून एकदा पाहिलं आणि परत लावून घेतलं.

आमच्या संकलक बाईंना सगळे कात्री म्हणतात. ती म्हणाली, "हे भाषण काढ."

"ते काढलं तर राहिलं काय?"

"सिनेमा."

आमचं कडाक्याचं वाजलं. वितरक दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता. शेवटी मी म्हटलं, जिची गोष्ट तिलाच विचारू. आई रडली की तू गप्प बसायचं.

आई आली, एडिटिंगच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. पहिला भाग तिने अगदी मजेत पाहिला. "अगंबाई, शटर असंच अडकायचं!" मग भाषण आलं. मी पडद्याकडे पाठ करून आईचे डोळे कधी भरतात ते बघत होतो. रुमालही तयार ठेवला होता. आईने विचारलं, "हिला काय होतंय? पोटात दुखतंय का?"

कात्रीने तोंडात ओढणी कोंबली.

"आई, तिचं आयुष्य वाया गेलंय."

"कोण म्हणतं?"

"अगं, आयुष्यभर थिएटरात राहून एक सिनेमा पुरा बघायला मिळाला नाही..."

"बघायचा होता कुणाला? अंधारात तोंड मिटून बसायचं, शिक्षाच ती! मला मध्यंतर आवडायचं. एकदम सगळी माणसं बाहेर यायची. कुणी रडलेलं, कुणी हसणारं, आणि सगळी माझ्याकडे. घरात माझं कोण ऐकत होतं? तिथे मी 'रांगेत या' म्हणून ओरडले की मोठमोठे साहेब रांगेत यायचे. आणि कप तू विसळायचास, मेल्या! मी बाकावर पाय पसरून मस्त बिस्किट खात बसायचे."

मी गारच पडलो. इतकी वर्षं जिची कीव केली, ती राणीसारखी राहत होती. लाज वाटली. रागही आला, कारण कप खरंच मी विसळले होते.

"थांब, थांब," कात्री म्हणाली आणि काहीतरी शोधायला लागली. शूटिंगच्या वेळी कॅमेरा चुकून चालू राहिला होता, तो तुकडा. आमची नटी शॉटची वाट बघून कंटाळलेली, बाकावर पाय पसरून बिस्किट खातेय, मान किंचित डुलतेय. मी तो टाकून द्यायला सांगितला होता. कात्रीने भाषण उडवलं आणि तो तुकडा शेवटी लावला.

दुसऱ्या दिवशी वितरकाने सिनेमा पुरा पाहिला. आई आणि मेहुणा मागच्या रांगेत बसले होते. दिवे लागल्यावर म्हणाला, "शेवटी काय होतं म्हणायचं?"

मी घसा खाकरेपर्यंत मागून आई बोलली, "काही होत नाही. काम झालंय, बसलीय ती."

तो हसला. "सकाळचा खेळ देतो. एक आठवडा. पुढचं पुढे." मेहुण्याने मला मिठी मारली. शर्टाचं काय करायचं, तेही कानात विचारलं.

घरी जाताना रस्ता ओलांडायला मी आईचा हात धरला. ती म्हणाली, "ती बाकावर बसली ना, ती अगदी मीच रे. तेव्हा माझ्याकडे कुणी बघत असेल असं वाटलं नव्हतं मला."

मी कुठला बघतोय! मी मोरीवर, तिच्याकडे पाठ करून. जे काही दिसलं ते चुकून चालू राहिलेल्या कॅमेऱ्याला आणि कात्रीला. पण आईचा चेहरा इतका उजळला होता की मी नुसती मान हलवली आणि सगळं श्रेय खिशात घातलं. रस्ता ओलांडून झाला तरी तिचा हात मात्र सोडवेना.