पाठीतली उसण

गुजरांवाल्यात कुणाचा खांदा निखळला की लोक आधी फज्जा पैलवानाकडे जात आणि मग, जमलंच तर, डॉक्टरकडे. त्याचं खरं नाव फजल करीम, पण ते सासऱ्याखेरीज फारसं कुणाला आठवत नसे. तरुणपणी त्याने कुस्त्या केल्या. त्याही काही डोळे दिपावेत अशा नव्हत्या. कुस्त्यांच्या एका दंगलीत गुडघा कामातून गेला, तेव्हा तालमीच्या वस्तादांनी त्याला हाडं बसवायला शिकवलं. आमच्याकडे पडेल पैलवानापुढे दोनच वाटा असतात. एकतर तो दुधाचं दुकान काढतो, नाहीतर हाडं बसवतो.

तालमीच्या दाराशीच त्याची खोली होती. आत लाकडी बाक, मोहरीच्या तेलाची कढई, बांबूच्या कामट्या आणि कापूस. शिवाय फज्जा पायाळू होता, पायांकडून जन्मलेला. उसण भरलेली माणसं सकाळीच त्याच्या दाराशी येऊन भिंतीला हात टेकून ओणवी उभी राहत आणि फज्जा हातातला चहाचा पेला न ठेवताच त्यांच्या कंबरेला पायाने ढोसत असे. त्याचे पैसे तो घेत नसे, पायाळूने पैसे घेतले की गुण जातो म्हणून. लोक सरळ होऊन दुवा देत घरी जात. कितीजण खरंच बरे होत हे देव जाणे, पण दारातली रांग कधी आटली नाही.

मात्र तो अगदीच आंधळा नव्हता. मांस दुखतं ते पसरून दुखतं आणि हाड दुखतं ते बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दुखतं, हे वस्तादांनी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. बोट टेकताच एखादा त्या तेवढ्या जागी कळवळला, की फज्जा हात पुसून मोकळा होई. हे माझं काम नाही, हाडाचा फोटो काढून आण, असं तोंडावर सांगे. त्यामुळे त्याच्या हातून कुणी कायमचं लंगडं झालं नव्हतं आणि या गोष्टीचा त्याला रास्त अभिमान होता.

मुजम्मिल हा त्याचा एकुलता मुलगा. लंगोट लावायच्या वयात हा पोरगा टेनिसच्या चेंडूला चिकटपट्टी गुंडाळत बसे आणि पंख्याच्या कारखान्यांमागच्या मैदानात दिवसभर तो चेंडू फेकत राही. फज्जाला त्या खेळाची किळस होती. हा कसला खेळ, अंगाला अंग लागत नाही आणि मध्येच सगळे चहा प्यायला जातात, असं तो तालमीत सगळ्यांना ऐकवायचा. पोरगा ऐकून घ्यायचा आणि परत मैदानात जायचा.

मग एका रमजानच्या सामन्यांत लाहोरच्या एका जुन्या प्रशिक्षकाने त्याला पाहिलं आणि पुढचं सगळं इतक्या भराभर झालं की घरच्यांना धड आनंदही करता आला नाही. आधी विभागाचा संघ, मग अकादमी आणि मिसरूड नीट फुटायच्या आत पाकिस्तानची हिरवी टोपी. पहिल्या सामन्याच्या दिवशी तालमीत टीव्ही आणला. मातीने भरलेले पैलवान लंगोटावरच त्याच्यासमोर बसले. मुजम्मिलने पहिली दांडी उडवली तेव्हा फज्जा लहान पोरासारखा रडला आणि डोळ्यांत माती गेली म्हणून सांगू लागला. आठवडाभरात खोलीवर नवी पाटी आली, ‘पाकिस्तानचा गोलंदाज मुजम्मिल याचे वडील’. ती रंगवायला कुणी सांगितलं हे त्याला माहीतच नव्हतं म्हणे. धड असलेले घोटेसुद्धा लोक दाखवायला आणू लागले.

वर्षभर पोरगा देशोदेशी गोलंदाजी करत फिरला. मुलतानच्या कसोटीआधी थोडे दिवस मोकळे मिळाले, तेव्हा तो घरी आला. आईने, शमीम बीबीने, बकऱ्याचे पाये शिजवले, कुलचे मागवले. पोरगा जेवला, हसला, गल्लीतल्या सगळ्यांना भेटला. पण तो वाकून बूट काढत नाही हे शमीमच्या लगेच ध्यानात आलं. एका पायाने दुसऱ्या पायातला बूट ढकलायचा आणि खाटेवर बसताना आधी हात टेकायचा. ती काही विचारणार, तेवढ्यात तो दुपारचा बापाच्या खोलीत गेला आणि दार लावून घ्या म्हणाला.

“अब्बाजी, उसण भरलीय. काढून द्या.”

संघाचा डॉक्टर काय म्हणतो, असं फज्जाने विचारलं. त्याला सांगितलेलंच नव्हतं. फज्जाने भुवया चढवल्या, तेव्हा मुजम्मिल भिंतीकडे बघत बोलला. आधीच्या मोसमात संघात एक वेगवान गोलंदाज होता. भला माणूस. कंबर दुखते म्हणून त्याने डॉक्टरला खरं सांगितलं. त्याला आरामाला धाडलं आणि तो बरा होऊन आला तोवर त्याला विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

“त्याच्याच जागेवर मला घेतलं, अब्बाजी. ती जागा कशी रिकामी होते, ते मला माहितीये.”

फज्जाने त्याला बाकावर पालथं झोपवलं. तेल कोमट केलं. त्याची बोटं मणक्याच्या बाजूने खाली उतरत गेली आणि डावीकडे, कंबरेच्या जरा वर, एका जागी थांबली. पोराने तोंडातून आवाज काढला नाही. पण त्याच्या पायाची बोटं आत वळली. फज्जाने बोट उचललं, अंगुळभर बाजूला टेकवलं. काही नाही. पुन्हा त्याच जागी टेकवलं. पायाची बोटं पुन्हा वळली.

“पुत्तर, हे हाड आहे. फोटो काढू या.”

“फोटो काढला की संपलं. मशीनवालाही टीव्ही बघतोच. संध्याकाळपर्यंत बातमी होईल.”

“मग होऊ दे.”

मुजम्मिलने मान वळवून बापाकडे पाहिलं. “अख्ख्या गुजरांवाल्याची उसण तुम्ही काढता. माझ्याच वेळी फोटो आठवला?”

इथे फज्जाने नाही म्हणायचं होतं. हात पुसायचे, दार उघडायचं, शमीमला हाक मारायची. एवढंच करायचं होतं आणि परक्या पोरासाठी त्याने ते डोळे मिटून केलं असतं. पण पोराचं बोलणं त्याला झोंबलं आणि झोंबण्यापेक्षा गोड जास्त लागलं. ज्या खेळाने पोरगा त्याच्या तालमीतून उचलून नेला, त्या खेळातले शिकलेले डॉक्टर सोडून तो आज बापाच्या बाकावर येऊन पडला होता. हा मान फज्जाला सोडवेना. त्याने स्वतःची समजूत घातली, की वेगवान गोलंदाजाचं मांसही हाडासारखंच कडक होत असेल.

त्याने अंग रगडून मऊ केलं. मग पोराला कुशीवर घेतलं, स्वतःचा धड गुडघा त्याच्या कंबरेला लावला आणि खांदा एकीकडे, कुल्ला दुसरीकडे असा नेहमीचा पीळ दिला. आत कट् असा आवाज झाला. मुजम्मिलच्या कपाळावर घाम फुटला. फज्जाने त्याला उठवून भिंतीला हात टेकायला लावले आणि रीत म्हणून कंबरेला पाय लावला. पोरगा हळूच सरळ झाला, वाकून पाहिलं, पुन्हा सरळ झाला.

“गेली, अब्बाजी,” तो म्हणाला आणि तेलकट अंगानेच बापाच्या गळ्यात पडला.

काय झालं होतं, असं शमीमने विचारलं. उसण होती, फज्जा म्हणाला. डॉक्टरला एकदा दाखवलं असतं, असं ती पुटपुटली तेव्हा तो खेकसला, “मग मी काय इथे जिलब्या तळायला बसलोय?” त्या दिवसांत तो भलताच खुशीत होता.

मुलतानला पहिल्या सकाळी मुजम्मिलने दोन बळी घेतले. तालमीत मिठाई आली. जेवणानंतर तो पुन्हा चेंडू घेऊन धावत आला, डावा पाय जमिनीवर आपटला आणि हातातून चेंडू सुटला की नाही हेही कुणाला कळलं नाही. तो पडला नाही. त्याने खाली हात टेकले आणि तसाच ओणवा राहिला. खेळाडू जवळ गेले, कुणीतरी त्याला पाणी देऊ लागलं, तरी तो हलेना. टीव्हीवरचा माणूस पायाला पेटका आला असावा म्हणत होता. तालमीतल्या एका पोरगेल्या पैलवानाने फज्जाच्या पाठीवर थाप मारली. “उसण असेल, पैलवानजी. तुम्ही आहातच की.” फज्जा उठून बाहेर गेला.

लाहोरच्या इस्पितळात डॉक्टरने काही लपवलं नाही. डाव्या बाजूला आधीपासून बारीक चीर होती. तेव्हाच आराम मिळता तर ती भरून आली असती. आता हाड दोन्ही बाजूंनी तुटलं होतं, मणका पुढे सरकून पायाच्या नसेवर बसला होता. शस्त्रक्रिया करू, स्क्रू बसवू, पोरगा चालेल, पण डाव्या पावलाचं खात्रीने सांगता येत नाही. क्रिकेटचं नाव त्याने काढलंच नाही. मग त्याने मुजम्मिलला विचारलं, “सामन्याच्या आधी कुणी कंबर पिळली होती का?”

“नाही,” मुजम्मिल छताकडे बघत म्हणाला. “हॉटेलच्या न्हाणीघरात पाय घसरला होता.”

डॉक्टरने कोपऱ्यात उभ्या असलेल्या फज्जाकडे पाहिलं. पैलवानाचे चिरडलेले कान लपत नाहीत. फज्जाने बोलायला तोंड उघडलं, पण पोराच्या खोटेपणाची वाच्यता करायची की स्वतःच्या पापाची, हे ठरेपर्यंत डॉक्टर निघून गेला होता. मागाहून शरमेने त्याला पोराच्या उशाशी बसवेना.

सुरुवातीला संघातले लोक फळं घेऊन आले. मग फोन आले. मग तेही थांबले. हिवाळ्यात पेशावरकडचा एक नवा पोरगा मुजम्मिलच्या जागेवर गोलंदाजी करू लागला आणि चांगली करू लागला. मुजम्मिल घरी परत आला तो पट्टा बांधून, डावं पाऊल फरफटत. शस्त्रक्रियेची जागा चिघळली आणि त्याला पाठीवर पडून राहावं लागलं. फज्जाने खोलीला कुलूप घातलं. दाराशी ओणवी होऊन उभी राहणारी माणसं त्याला घरी बोलवायला येत, तेव्हा तो आपल्या गुडघ्याची सबब पुढे करी.

पोराला ठराविक वेळाने कुशीवर वळवायचं असे, सगळं अंग एकदम, पीळ न पडू देता. ते शमीम आणि तिचा भाऊ मिळून करत. त्या वेळी फज्जाला काही ना काही आणायला नेमकं बाहेर जायचं असे. एका दुपारी मेहुणा आलेला नव्हता आणि शमीम गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मुजम्मिलने हाक मारली. अंग अवघडलं होतं. फज्जा दाराशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “मीच मोडलं तुला.”

“हट्ट माझा होता.”

“मला कळलं होतं, पुत्तर. हाड आहे हे बोटाला कळलं होतं.”

मुजम्मिल जरासा हसला. “अब्बाजी, माझ्या मनात काही नाही. खरंच काही नाही. या, वळवा मला.”

फज्जा खाटेजवळ वाकला. एक हात पोराच्या खांद्याखाली घातला आणि दुसरा हळूच कंबरेखाली सरकवला. तळहात टेकताच ती पाठ दगडासारखी घट्ट झाली. पोराचा श्वास थांबला होता. आयुष्यभर फज्जाने हजारो पाठी हाताळल्या होत्या. दुखण्याने आखडलेली पाठ कोणती आणि भीतीने आखडलेली कोणती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मुजम्मिलच्या तोंडावरचं हसू मात्र तसंच होतं. तो बापाकडेच बघत होता.

फज्जाने दोन्ही हात जपून बाहेर काढले. मग जिन्याशी जाऊन वर हाक मारली.

“अगं, खाली ये जरा. याला तूच वळव.”