साफ केलेला चेहरा

अकोल्याच्या टीव्हीच्या दुकानदारानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. भाव पाडला, पण तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि त्यानं हसत हसत पाडू दिला. ज्या कामासाठी मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो होतो, ते काम मात्र त्यानं नासवून माझ्या हातात ठेवलं आणि वरून म्हणाला, काकाजी, एक नंबर करून दिलं.

माझा धंदा संत्र्याचा. चांदूर बाजारच्या मंडीत दुसऱ्यांच्या पेट्या उचलत सुरुवात केली आणि पुढं स्वतः बागा घ्यायला लागलो. झाडावर माल असतानाच अख्ख्या बागेचा सौदा करायचा, म्हणजे सगळा खेळ नजरेचा. बाग सकाळी पाहायची. दुपारच्या उन्हात हिरवं फळही पिकल्यासारखं दिसतं, म्हणून शहाणा बागवाला व्यापाऱ्याला नेमका दुपारी बोलावतो आणि आधी जेवू घालतो. मी कोणाच्या घरी जेवलो नाही आणि दुपारी बाग पाहिली नाही. लोक मला तापट म्हणतात, चिकट म्हणतात. आंधळा कोणी म्हटलेलं नाही.

बायको गेल्यावर धंदा बंद केला. अमरावतीत घर आहे, वर दोन खोल्या आहेत, त्यांत कोणी राहत नाही. मुलगी पुण्याला नोकरी करते. जुना टीव्ही बातम्यांपुरता चालू असायचा. घरात माणसाचा आवाज पाहिजे म्हणून. बायको असताना मी तिला म्हणायचो, आवाज कमी कर. आता स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी ते माझ्याच हातून पडलेलं असतं.

तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी देवी आल्या, त्यातून ती वाचली, वण राहिले. तिला पाहायला गेलो तेव्हा माझी मामी दबक्या आवाजात मला म्हणाली, "पाह्य बापा, नंतर म्हणशीन सांगतलं नाही." मी म्हटलं, दिसते मले. बायकोनं ते ऐकलं होतं, पुढं कितीतरी वर्षं भांडणात ते काढायची. पण फोटोला ती कधी समोर उभी राहिली नाही. कॅमेरा दिसला की पदर पुढं यायचा, नाहीतर कोणाच्या तरी मागं जायची. लग्नाचा फोटो आहे, त्यात स्टुडिओवाल्यानं इतकी पावडर लावलेली की आम्ही दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतो. आधार कार्डावरचा फोटो पाहिला तर पोलीस पकडून नेतील.

एकच जागा होती जिथं ती खरी सापडली होती. मुलीच्या लग्नाची कॅसेट. लग्न अकोल्याला झालं, बायकोच्या माहेरी. मुलगी पांढऱ्या साडीत, मागं बुद्धमूर्ती, सगळे वंदनेला हात जोडून उभे. ते झाल्यावर शूटिंगवाला जेवणाच्या मांडवात घुसला. तिथं बायको वरणाच्या गंजापाशी, त्या मोठ्या पातेल्यापाशी, उभी होती, हातात डाव, घाम आलेला, पदर खोचलेला. तिला कळायच्या आधी तो अगदी जवळ गेला. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "मले काहून काढून राह्यला रे? नवरीले काढ ना बापा." आणि हसली. भर दिवसाच्या उजेडात तिचा पूरा चेहरा, वणांसकट. मुलीच्या लग्नानंतर आम्ही ती कॅसेट लावायचो तेव्हा ती दर वेळी तेवढ्यासाठी उठून आत जायची, आणि मी दर वेळी तेवढ्यासाठीच पाहायचो.

व्हीसीआर कधीचा बिघडला होता, दुरुस्त करणारे धंदा सोडून गेले होते. कॅसेट कपाटात तिच्या साड्यांखाली होती. अकोल्याचा एक दुकानदार टीव्ही विकतो आणि जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देतो असं कळलं, म्हणून बडनेऱ्याहून गाडीत बसलो. माझ्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लागत नव्हता, म्हणून टीव्हीही घ्यायचाच होता.

त्याच्या दुकानात भिंतभर टीव्ही होते. सगळ्यांवर एकच चित्र: पोपट, समुद्र, आणि मग सुरीनं कापलेलं एक संत्रं. ते संत्रं पाहून मी त्याच्यासमोरच हसलो.

"हे संत्रं खोटं हाये," मी म्हटलं. "एवढं साफ फळ झाडाले लागत नाही."

"काकाजी, तुमी टीव्हीचा भाव करून राह्यले का संत्र्याचा?"

"तू टीव्ही खोटा दाखवून राह्यला, म्हणून भाव करून राह्यलो."

तो हसला. म्हणाला, दुकानातला रंग भडकच ठेवावा लागतो, घरी गेल्यावर नॅचरल करून घ्या, रिमोटमध्ये सगळं आहे. मी त्याला पुरता दमवला. शेवटी कॅसेटचं काम त्यानं फुकटात धरलं. तेव्हा मी कॅसेट त्याच्या हातात दिली आणि नीट सांगितलं. हे शब्द मी विसरलेलो नाही. म्हटलं, "यात एक बाई हाये वरणाच्या गंजापाशी. तिचा चेहरा साफ दिसला पाह्यजे. बाकी कसंही येऊ दे."

तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका."

टीव्ही घरी आला, मागाहून पेनड्राइव्ह आला. दिवाणावर बसून मी ते लावलं. पहिल्यांदा मुलीची साडी दिसली आणि मला राग आला, कारण ती पांढरी नव्हती. जास्त नीळ झाल्यासारखी निळसर होती. लोकांच्या कडेनं पांढरी रेघ, कोणी खडूनं गिरवल्यासारखी. आणि चालणं विचित्र. सगळे पाहुणे बर्फावरून घसरत यावेत तसे येत होते. मग गंज आला, डाव आला, आणि एक बाई वर पाहून माझ्या बायकोच्या आवाजात बोलली.

आवाज तिचाच होता. चेहरा कोणाचा होता मला माहीत नाही. गाल मेणाचे. कपाळ कोरं. ती हसली तेव्हा डोळ्यांजवळ एकही घडी पडली नाही.

मी टीव्हीलाच दोष दिला. आधी माल तपासायचा आणि मगच तोंड उघडायचं, ही माझी सवय आहे. मी रिमोट घेऊन बसलो. चित्राचा भडक प्रकार काढून सिनेमाचा लावला, रंगात ऊब वाढवली, तशी साडी पांढरी झाली. अगदी जशी होती तशी, थोडी पिवळट, कारण तो मांडवच पिवळा होता. शार्पनेस म्हणून एक असतं. मला वाटायचं ते वाढवलं की जास्त दिसतं. तसं नाही. ते वाढवलं की टीव्ही स्वतःच्या मनानं रेघा मारतो. मी ते खाली आणलं, रेघा गेल्या. हालचाल गुळगुळीत करणारं एक होतं, ते बंद केलं, पाहुणे पुन्हा माणसांसारखे चालायला लागले. एकेक गोष्ट दुरुस्त होत गेली. मांडवाच्या कापडाचा मळ दिसायला लागला, गंजाला आलेला पोचा दिसला. तिचा चेहरा मेणाचाच राहिला.

मग शेतीच्या चॅनेलवर एक संत्र्याची बाग दाखवत होते. मी उठून पडद्याजवळ गेलो. पानांवर कोळशी धरलेली मला तिथल्या तिथं दिसली, तो काळा थर, आणि एका फळावर फांदी घासल्याचा खरबरीत डाग. म्हणजे टीव्ही डाग दाखवत होता. टीव्हीला डाग दिला असता तर त्यानं दाखवला असता. पेनड्राइव्हमध्येच तो नव्हता.

मी पुन्हा बडनेऱ्याहून गाडी धरली. दुकानात शिरल्या शिरल्या मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. दोन गिऱ्हाइकं बाहेर गेली. दुकानदारानं मला मागच्या खोलीत नेलं, तिथं कॉम्प्युटरवर एक पोरगी काम करायची. तिनं खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"तुम्हीच सांगितलं होतं ना काकाजी," ती म्हणाली. "शेठ म्हणाले, त्या मावशींचा चेहरा साफ पाहिजे."

"साफ दिसला पाह्यजे म्हटलं होतं म्या."

"तेच ना."

"तेच नाही ते," मी म्हटलं. "दिसला हा शब्द कोठी गेला?"

ती शेठकडं पाहायला लागली. शेठ म्हणाला, "आता काकाजी, तुमी संत्र्यावाले. तुमच्यात साफ माल मंजे बिनडागीच ना? मले वाटलं तुमाले तसंच पाह्यजे."

त्याला हा खुलासा फार आवडला असावा, कारण तो हसला. मी काउंटरवर हात आपटला. म्हटलं, माझी बायको पेटीत भरायची नव्हती.

पोरगी बिचारी रडकुंडीला आली. सांगायला लागली की सगळेच लोक असंच करून घेतात. म्हातारे आईबाप असतात, गेलेले असतात, डाग काढा म्हणतात, सुरकुत्या काढा म्हणतात, आणि पाहून रडतात, किती सुंदर केलं म्हणून. मावशींचे वण पाहून तिला वाटलं, काकांना हेच काढायचं असणार. तिनं ते मन लावून केलं होतं, एकेक. कॉम्प्युटरनं अर्धे सोडले होते, ते तिनं हातानं काढले.

मी कॅसेट मागितली. टेपला बुरशी धरली होती, म्हणाली. एकदाच चालली, मग मशीनमध्ये अडकून तुटली, ती भंगारात गेली. आणि साफ करायच्या आधीचं? ते काम झालं की पुसून टाकतो, काकाजी, जागा भरते.

म्हणजे नाहीच. कुठंच नाही.

दुकानदार म्हणाला, "साउंडबार देतो तुमाले, नवा. रागावू नका." मी आयुष्यभर लोकांच्या तोंडातून असंच काहीतरी जास्तीचं काढून घेतलेलं आहे. त्या दिवशी मी फक्त पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि निघालो. स्टेशनवर गाडी यायची होती. बाकावर बसून मी तिचे वण आठवायला लागलो. नाकाच्या बाजूला एक खोल होता, तो नक्की. डाव्या गालावर एकमेकांना चिकटलेले काही. हनुवटीवर होते का? मला सांगता येईना. इतकी वर्षं समोर चेहरा होता आणि मी हनुवटी कधी नीट पाहिली नव्हती, कारण पाहायची गरज नव्हती. ती होतीच.

मुलीला फोन केला. वाटलं, तिला तरी राग येईल. पेनड्राइव्हवरचं ते मी तिला आधीच पाठवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी किती वेळा पाहिलं. आई किती छान दिसते."

"ते तुही माय नाही," मी म्हटलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आईला नेहमी असंच दिसायचं होतं. तुम्हाला माहीत नाही का? आरशासमोर ती काय करायची ते तुम्ही कधी पाहिलं नाही. तुम्ही बागेत असायचे."

मी म्हटलं, वण तिचे होते. ती म्हणाली, हो, तिचेच होते, म्हणून काढायचा हक्कही तिचाच होता ना. मी रागावून फोन ठेवला. आता ती व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिचाही चेहरा गुळगुळीत दिसतो. विचारलं तर म्हणते, बाबा, फोन आपोआप करतो, मी काही लावलेलं नाही.

मुलगी म्हणते त्यात काही खरं असेल. बायकोला विचारलं असतं तर तिनं कदाचित तसंच करून घेतलं असतं. पण तिला कोणी विचारलं नाही, मलाही विचारलं नाही. आणि वाईट हे आहे की मी ते रोज लावतो. दुसरं काही नाहीच. आवाजासाठी लावतो, म्हणतो डोळे मिटून ऐकीन, आणि डोळे उघडतात. आता स्वयंपाकघरातल्या दारात ती उभी आहे असं मनात आणलं तर कधी कधी तीच मेणाची बाई येते. आधी खोल वण गेला नव्हता. परवा तोही शोधावा लागला.

नुकसानभरपाई मला नको. टीव्ही चांगला आहे, तेही मी लिहून देतो. पण मी त्या दुकानदाराला निरोपावर निरोप पाठवले आणि तो म्हणतो, काकाजींचं मन थाऱ्यावर नाही, राहू द्या. मी राहू देणार नाही. दिसला हा शब्द त्यानं गाळला, त्या पोरीनं नाही. तिला मी मोकळं केलं. त्यानं अमरावतीला यावं. येण्याजाण्याची गाडी मी करून देतो, जेवू घालतो. या दिवाणावर बसावं, वरणाच्या गंजापाशी उभ्या असलेल्या त्या बाईकडं बोट दाखवावं, आणि माझ्या तोंडावर सांगावं की ही कोण आहे.